मागून ओवलेला दोरा

आमच्या ह्यांनी साठी उलटल्यावर प्रोग्रॅम लिहायला घेतला, त्याला कारण माझा डावा हात. मी डावखुरी. लहानपणी आईने चमचा उजव्या हातात देऊन पाहिला, शाळेतल्या बाईंनी पट्टी हाणून पाहिली, शेवटी दोघी थकल्या. पण विणकामाचे नमुने सगळे उजव्या हाताच्या बायकांसाठी छापलेले असतात. चौकटींच्या कागदावर पान उजवीकडे झुकलेलं असतं, आणि मी विणायला घेतलं की ते डावीकडे झुकतं. म्हणून मी आयुष्यभर नमुना मनातल्या मनात उलटा करून विणत आले. मध्येच कुणी हाक मारली की डावं-उजवं सगळं एक व्हायचं आणि मी उसवत बसायचे. उसवताना माझं तोंड चालू असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"आरसा धरून बघ की नमुन्यासमोर," आमची लेक एकदा म्हणाली.

"आरसा धरला तर सुया कुठल्या हातात धरू? तुझ्या बापाच्या?"

बाप शेजारीच बसला होता. ते त्याच्या डोक्यात राहिलं असावं.

हे शिलाई मशिनं दुरुस्त करतात. पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचा बाक आहे. त्यावर पेचकस, तेलाची कुपी, सुयांच्या डब्या, आणि नेहमी एखादं पोट उघडलेलं मशीन. शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे, तिथली सगळी मशिनं ह्यांच्या हाताखालून जातात. माणसांशी हे मोजकंच बोलतात, मशिनांशी मात्र दिवसभर गप्पा चालतात.

लेक लांबच्या शहरात असते आणि नवशिक्यांना प्रोग्रॅमिंग शिकवते. मागच्या सुट्टीत आली तेव्हा तिने आपला जुना कॉम्प्युटर आणला. ह्यांनी तिला हळूच विचारलं, नमुना उलटा करून देणारं काही ह्यात बनवता येईल का. ती म्हणाली, "मी करून देऊ?" हे म्हणाले, "तू नको. मला शिकव."

तिने शिकवलं. मला जे समजलं ते असं, की प्रोग्रॅम म्हणजे आपण लिहिलेल्या सूचना. त्या कॉम्प्युटरला तशाच्या तशा कळत नाहीत. आधी त्यांचं त्याच्या भाषेत रूपांतर करायचं, त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार होतो, आणि मग तो चालवायचा. हे सगळं एका काळ्या खिडकीत लांबलचक आज्ञा टाइप करून करावं लागतं, आणि त्यात एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी चालत नाही. ह्यांची बोटं पेचकस धरायला तयार झालेली, टायपिंग एका बोटाने. लेकीला दया आली.

"बाबा, तुम्ही त्या आज्ञांच्या नादी लागू नका," ती म्हणाली. "मी त्या सगळ्या एका फाईलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवते. बॅच फाईल म्हणतात तिला. तुम्ही फक्त प्रोग्रॅम लिहा, सेव्ह करा आणि हिच्यावर दोनदा क्लिक करा. बाकी सगळं ती करेल."

फाईलचं नाव तिने 'चालव' ठेवलं. पहिल्यांदा क्लिक केलं तर काळी खिडकी उघडली आणि पापणी लवायच्या आत गायब झाली. हे माझ्याकडे बघतात, मी ह्यांच्याकडे. लेक हसत सुटली. काम संपलं की ती खिडकी आपोआप बंद होते म्हणे. मग तिने फाईलच्या शेवटी थांबायची एक आज्ञा घातली, की कुठलंही बटण दाबेपर्यंत खिडकी तशीच राहील. पुन्हा क्लिक केलं. काळ्यावर पांढऱ्या चांदण्यांचा एक चौकोन उमटला. प्रत्येक चांदणी म्हणजे विणीचा एक टाका. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. लग्नात सुद्धा माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघितलं नव्हतं.

लेक परत गेली आणि घरात एक नवं खूळ शिरलं. सकाळी चहा झाला की हे कॉम्प्युटरपुढे. चौकोनाचा त्रिकोण झाला, त्रिकोणाचं पान झालं. पानाला देठ आला. दरवेळी मला हाक मारायची, मी हातातलं काम टाकून जायचं आणि म्हणायचं, "हं, छान." मी वैतागल्यासारखं करायचे, पण एखाद्या दिवशी हाक आली नाही तर स्वतःच डोकावून यायचे.

मग एक दिवस पान बदलेनासं झालं.

मी शेजारी मटार सोलत बसले होते. पानाचं टोक वाकडं दिसतंय असं मीच म्हणाले होते. ह्यांनी त्या ओळीत दोन चांदण्या वाढवल्या, सेव्ह केलं, 'चालव'वर क्लिक केलं. खिडकी उघडली. टोक वाकडंच.

"सेव्ह केलं का?"

"केलं."

पुन्हा सगळं केलं. टोक वाकडंच. दुसऱ्या दिवशी ह्यांनी देठ लांब केला, देठ होता तेवढाच राहिला. तिसऱ्या दिवशी मला हाक आली नाही. मी डोकावले तर हे नुसतेच बसले होते, हात मांडीवर, समोर तेच पान.

मी लेकीला फोन केला नाही. खरं सांगायचं तर मला फोन करायची भीती वाटली. कारण त्याच सुमारास आणखीही काही होत होतं. मोरीतला नळ उघडा राहायचा. चष्मा नको तिथे सापडायचा. मी नळ बंद करायचे, चष्मा बाकावर जागच्या जागी नेऊन ठेवायचे आणि काही बोलायचे नाही. एरवी मी बोलल्याशिवाय राहत नाही. ह्या बाबतीत माझी वाचाच बसली होती.

त्याचं कारण माझे मोठे दीर. ते शिंपी होते, हात असा की कापडावर खडू फिरवताना बघत राहावं. म्हातारपणी त्यांना विस्मरणाचा आजार जडला. सुरुवात कशी झाली, तर दोरा ओवण्यापासून. मशीनला दोरा ओवताना तो रिळापासून निघतो, वरखाली होणाऱ्या एका दांडीच्या भोकातून जातो आणि मग खाली सुईत येतो. ते ती दांडी विसरायचे. बाकी सगळं बरोब्बर, फक्त ती एक पायरी सुटायची. मग खाली दोऱ्याचा गुंता व्हायचा आणि ते चकित होऊन त्या गुंत्याकडे बघत बसायचे. कुणी त्यांना सांगितलं नाही. ते पाणी प्यायला उठले की हे जायचे आणि गुपचूप दोरा नीट ओवून ठेवायचे. ते परत येऊन शिवायला लागायचे, मशीन सुरळीत चालायचं. कितीतरी दिवस असं चाललं होतं.

त्या आठवड्याच्या शेवटी हे बाक आवरताना दिसले. पेचकस कापडात गुंडाळून ठेवत होते. मी दारात उभी राहिले.

"सोमवारी कारखान्यात जाऊन मालकीणबाईंना सांगून येतो," हे म्हणाले. "दुसरा कुणीतरी बघा म्हणून."

"का? काय झालं?"

"दादासारखं होतंय मला." आवाज अगदी नेहमीचा होता, मशीनचा बिघाड सांगावा तसा. "इतके दिवस त्याच पायऱ्या करत होतो, जमत होतं. आता त्याच करतो आणि जमत नाही. म्हणजे एक पायरी सुटतेय आणि मला कळत नाही कुठली. उद्या मशीन लावताना सुटली तर? तिथे पोरी सुईखाली बोटं घालून बसतात."

"अहो, कॉम्प्युटरचं काय मनावर घेता? तो तर..."

"आणि तूसुद्धा मागून दोरा ओवतेस," हे म्हणाले.

मी कोरडेच हात पदराला पुसत राहिले.

"नळ बंद करतेस. चष्मा आणून ठेवतेस. मी दादाला हेच करायचो. त्याला कळत असेल का गं, तेव्हा? मला तर कळतंय."

मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकरच्या शिट्टीच्या आडोशाने रडून घेतलं. चाळीसएक वर्षं ज्या माणसाशी भांडले, त्याच्याशी भांडायचं सोडून मी त्याची काळजी घ्यायला लागले होते, आणि त्याने ते ओळखलं होतं. मला स्वतःचाच राग आला.

राग आला की माझं डोकं चालतं. रडणं थांबल्यावर मला आठवलं, की त्या चांदण्या वाढवल्या तेव्हा मी तिथेच होते. मटार सोलत होते, पण डोळे पडद्यावर होते. ह्यांनी सेव्ह केलं होतं. क्लिक केलं होतं. नेहमी करतात तेच केलं होतं. एकही पायरी सुटली नव्हती, मी साक्षीदार होते. मग बदललं का नाही?

दुपारी हे दुरुस्त झालेलं एक मशीन पोचवायला बाहेर पडले आणि मी लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"आई, मला वाटलंच होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "परवा फोनवर बाबांनी तेच दोनदा विचारलं मला. डॉक्टरांना दाखवू या आपण. मी येते."

"डॉक्टरचं नंतर बघू. आधी मला तुझी ती फाईल काय करते ते सांग."

"कुठली?"

"चालव."

"आई, ती अगदी साधी आहे गं."

"साधी आहे तर मलाही समजेल."

तिने नाइलाजाने सांगितलं, तसं मी ती फाईल नोटपॅडमध्ये उघडली. चारदोन ओळी. एक ओळ प्रोग्रॅमचं रूपांतर करते. पुढची ओळ तयार झालेला प्रोग्रॅम चालवते. शेवटची थांबते.

"आणि रूपांतर झालंच नाही तर?" मी विचारलं.

"कॉम्प्युटर चूक सांगतो. अमुक ओळीत तमुक चुकलंय म्हणून."

"कुठे सांगतो? आम्हाला तर कधी काही सांगितलं नाही त्याने."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आई, त्या रूपांतराच्या ओळीच्या शेवटी एक बाणासारखी खूण आहे का?"

"आहे. पुढे तीन इंग्रजी अक्षरं आहेत."

"त्याचा अर्थ, जे काही बोलायचं असेल ते बाहेर फेकून दे, दाखवू नको. मीच घातलं ते. माझ्याकडे शिकायला येणारे लोक त्या इंग्रजी ओळी बघून घाबरतात, पुन्हा हातच लावत नाहीत. बाबा घाबरतील म्हणून मी..." ती थांबली. मग घाईने बोलायला लागली. "म्हणजे बाबांकडून कुठेतरी बारीकशी चूक झाली असणार. रूपांतर झालं नाही, पण ते दिसलं नाही. आणि पुढच्या ओळीने काय केलं, तर आधीचा जुना तयार प्रोग्रॅम पडला होता तोच चालवला. म्हणून जुनंच पान. ते काहीही बदलू देत, दिसणार जुनंच. आई, बाबांची एकही पायरी सुटलेली नाही. ही फाईल खोटं बोलत होती."

मी खुर्चीवर बसले.

"शहाणे," मी म्हणाले, "त्यांनी पेचकस गुंडाळून ठेवलेत."

तिला रडू फुटलं. मी रडू दिलं. तिच्या वाटणीचं होतं ते.

नाक ओढत ती म्हणाली, "तू बाबांची फाईल मला पाठव. मी चूक काढून परत पाठवते. ते येईपर्यंत सगळं ठीक झालेलं असेल. त्यांना कळणारही नाही."

माझा हात माउसवर गेलासुद्धा होता. पाठवायची, दुरुस्त होऊन येणार, हे घरी येऊन क्लिक करणार, पान बदललेलं दिसणार. मशीन सुरळीत.

"नको," मी म्हणाले.

"का?"

"त्यांची चूक त्यांना बघू दे. तू फक्त ती खूण कशी काढायची ते सांग. आणि रूपांतर झालं नाही तर जुनं काही चालवायचं नाही, तिथेच थांबायचं, असं लिहिता येतं का?"

"येतं. पण आई, त्यांना सापडलीच नाही तर?"

हा प्रश्न माझ्याही पोटात होता. "नाही सापडली तर तेही त्यांना कळू दे," मी म्हणाले. "आपण दोघीच सगळं जाणून बसायचं आणि त्यांनी नळाकडे बघत विचार करत राहायचं, हे मला आता होणार नाही."

ती एकेक अक्षर सांगत गेली, मी डाव्या हाताने टाइप करत गेले. चूक झाली तर पडद्यावर काय लिहून यावं, असं तिने विचारलं. 'थोडंसं चुकलंय, काळजी नको' असं काहीतरी तिच्या मनात होतं. मी म्हणाले, सरळ लिही. मग इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या भाषेत, आम्ही लिहिलं, 'चूक आहे. ओळ बघा.'

हे आले तेव्हा मी त्यांना पाणी दिलं आणि सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. लेकीने काय लपवलं होतं ते, आणि का. ह्यांनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना. मग खुर्ची ओढून बसले आणि 'चालव'वर क्लिक केलं.

काळी खिडकी इंग्रजी ओळींनी भरून गेली. खाली आमचं वाक्य. चूक आहे. ओळ बघा.

हे त्या खिडकीकडे बघतच राहिले. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी होते. घाबरले असतील, उठतील, असं मला वाटलं.

"हा सांगतो होय, कुठे दुखतंय ते?" हे म्हणाले. "आमच्या मशिनांनी कधी सांगितलं नाही."

ओळीचा आकडा बघून त्यांनी आपली फाईल उघडली. ती ओळ नीट तपासली. ओळ तर ठीक होती. पुन्हा वाचली. मी श्वास धरून होते, आणि जीभसुद्धा. मग ते स्वतःशीच पुटपुटले, "आवाज इथे येतोय, म्हणजे बिघाड जरा आधी असणार." बोट वरच्या ओळीवर गेलं. तिच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला होता. प्रत्येक सूचनेनंतर तो लागतोच.

"तू जरा तिकडे बघ," हे मला म्हणाले.

"का म्हणून?"

"बघ म्हटलं ना."

मी बघितलं नाही, म्हणजे तिकडे बघितलं नाही. ती ओळ पानाच्या भागातली नव्हती, खाली कुठेतरी मला न दाखवलेल्या भागातली होती. ह्यांनी अर्धविराम दिला, सेव्ह केलं, क्लिक केलं. पुन्हा चूक आहे. ओळ बघा. या खेपेला एक कंस उघडून मिटवायचा राहिला होता. तो मिटवताना ह्यांच्या ओठांवर शीळ आली. मशीनचं पोट उघडल्यावर घालतात तीच.

मग क्लिक केलं आणि इतक्या दिवसांचं सगळं एकदम आलं. टोक सरळ झालेलं. देठ लांब. कडेने एक नक्षी, ती कधी घातली होती मला माहीतच नव्हतं. आणि त्याखाली तेच पान पुन्हा, डावीकडे झुकलेलं, वर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, 'डाव्या हातासाठी'.

"तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा लिहिलं होतं," हे म्हणाले. "घाईत. त्यातच ते अर्धविरामाचं राहिलं. तेव्हापासून सगळं अडलं."

मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. मला आयुष्यात पहिल्यांदा सरळ वाचता येईल असा नमुना समोर होता आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे तो वाचता येत नव्हता.

थोड्या वेळाने ह्यांनी विचारलं, माझ्याकडे न बघता, "नळ मी उघडा ठेवला होता का?"

"हो."

"एकदाच?"

"नाही. बऱ्याचदा."

"चष्मा?"

"चष्मा तुम्ही लग्नाआधीपासून हरवताय. तो मी धरत नाही."

हे हसले. मग गंभीर झाले. "डॉक्टरांकडे जाऊ या एकदा. लेकीला सांग, तिची काळजी खोटी नाही म्हणून. पण मागून ओवू नकोस. मला दाखव."

सोमवारी हे कारखान्यात गेले, ते पेचकस घेऊनच. बाईंना एवढंच म्हणाले, की लावलेलं प्रत्येक मशीन माझ्यासमोर कुणीतरी चालवून बघा, मगच पोरींना द्या. बाई म्हणाल्या, अशी सवय आधीच असायला हवी होती.

त्या संध्याकाळी मी डाव्या हाताचं पान विणायला घेतलं. दोन ओळी झाल्या असतील, मोरीतून पाण्याचा आवाज यायला लागला. मी सवयीने उठले, दारापर्यंत गेले. पाणी बादलीतून वाहत होतं. हात नळाकडे गेला होता, तो मी मागे घेतला. पाणी वाया जात होतं आणि माझा जीव तुटत होता, पण मी तशीच उभी राहिले.

"अहो," मी हाक मारली, "चूक आहे. ओळ बघा."

पुढच्या खोलीत खुर्ची सरकली. हे आले, नळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नळ बंद केला, ओला हात माझ्याच पदराला पुसला आणि परत बाकाकडे गेले.